करंट मारणारा शॉवर आणि ऐकून न घेणारे बाबा

वाचकाचं पत्र

नमस्कार ताई. आमच्या बाथरूममध्ये भिंतीवर बसवलेला इलेक्ट्रिक शॉवर आहे. टाकी नसलेला, पाणी वाहता वाहता तापवणारा. गेले काही महिने त्यातून मध्येच गरम, मध्येच थंड पाणी येतं. नंतर मीटरजवळच्या बोर्डावरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) ट्रिप व्हायला लागला, तोही आंघोळ अर्धी झाल्यावर. वैतागून बाबांनी तो काढून टाकला आणि वायर सरळ जोडली. आता ट्रिप होणं थांबलंय, पण शॉवरची धातूची नळी धरली की हाताला झिणझिण्या येतात. कधीकधी शॉवर बंद असतानाही बेसिनच्या नळाला येतात. माझा सात वर्षांचा मुलगा म्हणतो, "नळ चावतो." छताला लावलेल्या दोरीच्या स्विचचं झाकण एका बाजूने पिवळट झालंय. बाबांनी सगळा जन्म वर्कशॉपमध्ये काढला. ते म्हणतात, "एवढ्याने काही होत नाही, रबरी चप्पल घालून आंघोळ करा. रविवारी मी उघडून बघतो." आई घाबरते, पण त्यांच्यापुढे बोलत नाही. बाबांचं बरोबर आहे का? आणि नसेल तर त्यांना सांगायचं कसं?

– एक मुलगी

उत्तर

पुढचं वाचण्याआधी उठा आणि एवढं करा. हात कोरडे करा, बाथरूममध्ये न जाता बोर्डावर शॉवरचा एमसीबी (वायरीतून जास्त वीज गेली की पडणारा खटका) खाली पाडा आणि त्यावर चिकटपट्टी लावा. दोरीच्या स्विचने बंद केलंय तेवढं पुरेसं नाही. त्याचं कारण पुढे येईल. कुठला एमसीबी शॉवरचा हे खात्रीने माहीत नसेल तर मेन पाडा आणि आजच वायरमनला बोलवा. त्या बाथरूममध्ये तोपर्यंत कुणीही आंघोळ करायची नाही, बेसिनही वापरायचं नाही. स्वयंपाकघरातल्या किंवा दुसऱ्या कुठल्या नळालाही झिणझिण्या आल्या तर थांबू नका, मेनच बंद करा. आणि "अजून येतंय का बघू" म्हणून कुणी नळाला बोट लावून पाहू नये. मुलाला हे वेगळं बजावून सांगा, कारण चावणाऱ्या नळाची मुलांना गंमतही वाटते.

झालं? आता बोलू.

बाबांचं बरोबर नाही. पण ते का चुकतायत हे नीट समजून घ्या, कारण त्यांच्याशी बोलताना तेच उपयोगी पडणार आहे. वर्कशॉपमध्ये कोरड्या जमिनीवर, बूट घालून, कोरड्या हाताला बसलेले बारीकसारीक झटके त्यांनी पुष्कळ सोसले असतील. त्या अनुभवावर ते बाथरूमचं माप काढतायत. तिथेच सगळा घोटाळा आहे. नळी धरल्यावर किती झिणझिणलं यावरून बिघाड लहान की मोठा हे कळत नाही. त्या क्षणी तुमची कातडी किती कोरडी होती, एवढंच त्यावरून कळतं.

आकड्यांत सांगते. समजा त्या नळीवर ६० व्होल्ट चढले आहेत. कोरड्या बोटाने ओझरता स्पर्श केला, शरीराचा रोध २०,००० ओहम धरला, तर अंगातून ३ मिलिअँपिअर जातील. थोडंसं झिणझिणेल, बस्स. तीच नळी, तेच ६० व्होल्ट, पण आता अंगभर साबणाचं पाणी, दोन्ही पाय ओल्या फरशीवर आणि नळी मुठीत घट्ट. रोध १,००० ओहमच्या आसपास येतो आणि प्रवाह होतो ६० मिलिअँपिअर. शॉवरमधला बिघाड रतीभरही वाढलेला नाही, प्रवाह मात्र वीसपट झाला.

हे ६० मिलिअँपिअर म्हणजे काय, तेही बघा. साधारण अर्धा ते एक मिलिअँपिअर गेला की माणसाला जाणवायला लागतं. दहाच्या आसपास हाताचे स्नायू आवळतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. तिसाच्या वर गेलेला प्रवाह काही क्षण टिकला तर हृदयाची लय बिघडू शकते. कॅलिफोर्निया विद्यापीठातले प्राध्यापक चार्ल्स डॅल्झिएल यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून किती प्रवाहापर्यंत धरलेली वस्तू सोडता येते हे मोजलं होतं. पुरुषांची सरासरी १६ मिलिअँपिअर निघाली, स्त्रियांची साडेदहा. म्हणजे बाबांना जे "एवढंसं" वाटतं, त्यात तुमच्या आईंचा हात अडकू शकतो. आई उगाच घाबरत नाहीत. याच डॅल्झिएल यांनी १९६१ मध्ये माणसाला वाचवण्यासाठी गळती ओळखून वीज तोडणारं उपकरण तयार केलं. तुमच्या बाबांनी काढून टाकलं ते त्याच जातीचं.

तुमच्या पत्रातली मला सगळ्यात खटकलेली गोष्ट हीच. शॉवरपेक्षाही जास्त. कारण झिणझिण्या येतात याचा अर्थ घरात एक नाही, निदान दोन गोष्टी बिघडल्यात. पहिली म्हणजे शॉवरमधून वीज गळतेय. दुसरी म्हणजे ती गळती जिने निमूट जमिनीत न्यायची ती अर्थिंगची वायर कुठेतरी तुटलीय, सैल झालीय किंवा मुळात जोडलेलीच नाही. अर्थिंग ठणठणीत असतं तर नळीवर हाताला जाणवण्याइतका दाब उरलाच नसता. या दोन्हींनंतर शेवटचा आधार होता आरसीसीबी, तो बाबांनी स्वतःच्या हाताने काढला. म्हणून नुसता शॉवर बदलून हा प्रश्न सुटणार नाही. नवा शॉवर लावाल, वर्षभर छान चालेल आणि तो गळायला लागला की पुन्हा तुम्ही इथेच याल.

"पण एमसीबी आहे ना," असं बाबा म्हणतील. ९ किलोवॅटचा शॉवर २३० व्होल्टवर जवळपास ३९ अँपिअर ओढतो. त्यामुळे अशा शॉवरला ४० किंवा ४५ अँपिअरचा एमसीबी लागतो. ४० अँपिअर म्हणजे ४०,००० मिलिअँपिअर. माणसाच्या जिवावर बेतायला तीसेक मिलिअँपिअर पुरतात. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, माणूस मेला तरी त्याला पत्ता लागत नाही. आरसीसीबी फेजमधून किती गेलं आणि न्यूट्रलमधून किती परत आलं याचा फरक बघतो. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी तेवढा फरक दिसला की जास्तीत जास्त ०.३ सेकंदात वीज तोडतो, आणि गळती त्याच्या पाचपट असेल तर ०.०४ सेकंदात.

तो आंघोळ अर्धी झाल्यावरच का पडायचा, हेही सांगण्यासारखं आहे. शॉवरमधलं एलिमेंट म्हणजे बहुधा धातूची नळी, आत तापणारी तार आणि दोहोंच्या मध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची घट्ट दाबलेली पूड. पाण्यातल्या क्षारांचा थर बसून किंवा गंजून नळीला बारीक चीर गेली की पुडीत ओल शिरते. थंड असताना गळती कमी असते, तापल्यावर ती वाढू शकते, मग चार-पाच मिनिटांनी खटका पडतो. (काही शॉवरांत उघडी तारच थेट पाण्यात असते. तिथे अर्थिंगशिवाय शॉवर चालवणं म्हणजे निव्वळ जुगार.) थोडक्यात, आरसीसीबी बिघडला नव्हता, आपलं काम चोख करत होता.

रबरी चपलेबद्दल. चप्पल हातापासून पायाकडे जाणारी वाट थोडीफार अडवते, तीही कोरडी असेल तर. शॉवरखाली ती आतून-बाहेरून भिजलेली असते. शिवाय एका हातात शॉवरची नळी आणि दुसरा हात नळावर किंवा ओल्या भिंतीवर असेल, तर वीज हातातून हातात, म्हणजे थेट छातीतून जाते. पायात काय घातलंय याच्याशी तिला देणंघेणं नसतं.

आता तो बेसिनचा नळ. शॉवर बंद असतानाही झिणझिण्या येतात, ही वायरमनला आवर्जून सांगायची गोष्ट आहे, विसरू नका. याची तीन कारणं असू शकतात. एक, दोरीच्या स्विचची जोडणी उलटी आहे आणि तो फेजऐवजी न्यूट्रल तोडतो. असं असेल तर स्विच बंद करूनही शॉवरच्या आत फेज तशीच उभी राहते. सुरुवातीला त्या स्विचवर विसंबू नका म्हटलं ते यासाठी. दुसरं कारण, गळती घरातल्या दुसऱ्याच उपकरणातून होतेय, म्हणजे कपडे धुण्याचं यंत्र वगैरे, आणि अर्थिंग तुटल्यामुळे ती वीज पाइपांवर पसरतेय. तिसरं, दोष घराबाहेरच्या पुरवठ्यात आहे. मेन पाडल्यावरही झिणझिण्या राहिल्याचं वायरमनच्या मीटरवर दिसलं, तर वीजपुरवठा करणाऱ्यांना लगेच कळवावं लागेल. तो भाग त्यांच्या अखत्यारीतला आहे, तुमच्या वायरमनने त्यात हात घालू नये.

गरम-थंड पाण्याचं दुखणं त्यामानाने साधं. शॉवरच्या जाळीची भोकं क्षारांनी बुजली किंवा पाणी आत येतं तिथली गाळणी तुंबली की पाण्याचा प्रवाह मंदावतो, आतलं पाणी जास्त तापतं, सुरक्षेचा थर्मल कटआउट एलिमेंट बंद करतो. थंड पाणी येतं. निवलं की पुन्हा सुरू होतं. एमसीबी पाडलेला असताना जाळी काढून व्हिनेगरमध्ये किंवा सायट्रिक अ‍ॅसिडच्या पाण्यात भिजत ठेवायला हरकत नाही. एवढं एक काम घरच्या घरी करण्यासारखं आहे. शॉवरच्या खालच्या बाजूने थेंब गळत असतील तर मात्र ते छिद्र एम-सील लावून बंद करू नका. तिथे दाब वाढल्यावर फुटून पाणी सोडणारी सोय असते. ती बुजवली तर पुढच्या वेळी डब्बाच फुटेल.

दोरीच्या स्विचचं पिवळट झाकण पत्रात तुम्ही ओझरतं लिहिलंय, पण आग लागायची असेल तर ती तिथून लागेल. आतला स्क्रू सैल झालाय किंवा संपर्काची टोकं जळलीत. चाळीस अँपिअर जाणाऱ्या जोडात एक दशांश ओहमचा रोध आला तरी तिथे १६० वॅट उष्णता तयार होते. बाबांना कळेल अशा भाषेत सांगायचं तर त्यांच्या साध्या सोल्डरिंग आयर्नपेक्षा कितीतरी जास्त, आणि तीही स्विचच्या बंद प्लास्टिकच्या आत, छताला चिकटून. नुसता स्क्रू आवळून हे भागत नाही. स्विच बदलायचा, वायरचं जळकं टोक कापून ताजं करायचं. नवा स्विच फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा हवा आणि शॉवरच्या अँपिअरला पुरेल एवढा हवा.

रविवारी बाबांनी शॉवर उघडू नये. मी हे त्यांच्या ज्ञानावर शंका घेऊन म्हणत नाही. उघडल्यावर डोळ्यांना जे दिसेल त्यातून हा दोष सापडणारच नाही, म्हणून म्हणते. पुडीतली ओल दिसत नाही. भिंतीत तुटलेली अर्थिंगची वायर दिसत नाही. आणि खिशातला टेस्टर इथे भरवशाचा नाही. निऑन टेस्टर इतक्या नगण्य प्रवाहावर लागतो की कधी शेजारच्या वायरीच्या प्रभावानेही मिणमिणतो. उलट लाकडी स्टुलावर उभं राहिलं तर जिवंत वायरीवरही न लागण्याची शक्यता असते. "टेस्टर लागला नाही, म्हणजे वीज नाही" या समजुतीवर हात घालणारे लोक शिकलेसवरलेलेच असतात.

वायरमन बोलवाल तो परवानाधारक हवा आणि त्याच्याकडे मोजायची साधनं हवीत. आल्याबरोबर पक्कड काढणारा आणि मीटर न काढणारा असेल तर चहापाणी करून वाटेला लावा. त्याने काय करायला हवं ते सांगते, म्हणजे तुम्हाला विचारता येईल. वीज बंद करून मेगरने (वीज बाहेर गळू न देणारं आवरण किती शाबूत आहे ते मोजणाऱ्या मीटरने), ५०० व्होल्टवर, एलिमेंटचा आणि वायरिंगचा इन्सुलेशन रोध. वायरिंगचा तो निदान १ मेगाओहम तरी हवा. चांगल्या वायरिंगचा त्याहून पुष्कळ जास्त येतो. मग अर्थिंगची वायर शॉवरपासून बोर्डापर्यंत आणि पुढे जमिनीपर्यंत सलग आहे का, आणि तिचा रोध किती. अर्थिंग पाण्याच्या पाइपला जोडून मोकळं होणारे महाभाग असतात. ते चालवून घेऊ नका. मध्ये कुठे प्लास्टिकचा पाइप असेल तर ते अर्थिंग नुसतं नावाला, उलट दोषाची वीज सगळ्या नळांवर पसरवायची सोय. त्यानंतर वायरची जाडी. ९ किलोवॅटच्या शॉवरला सहसा ६ किंवा १० चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर लागते, बोर्डापासून स्वतंत्र ओढलेली. किती जाड हवी ते लांबीवर आणि वायर कशातून नेलीय त्यावरही ठरतं. आणि सगळ्यात शेवटी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी परत बसवून, आरसीसीबी तपासायच्या खास मीटरने तो किती मिलिसेकंदांत पडतो हे बघायचं.

आरसीसीबीच्या अंगावर एक टेस्टचं बटण असतं. ते दर काही महिन्यांनी दाबत जा, खटका पडायलाच हवा. पण त्या बटणाने अर्थिंगची परीक्षा होत नाही, हे लक्षात असू द्या. अर्थिंग नसलं तरी आरसीसीबी पडतो, फक्त तो पडण्यासाठी गळतीला कुणाच्या तरी अंगातून वाट मिळावी लागते. दोन्ही हवंत ते यासाठी.

दुरुस्ती की नवा? माझं मत विचाराल तर नवा. एलिमेंट बदलता येतं, पण ओल शिरलेल्या, जोड तापलेल्या जुन्या शॉवरवर खर्च करण्यात मला अर्थ दिसत नाही. मात्र क्रम उलटा करू नका. आधी अर्थिंग, स्विच आणि आरसीसीबी, मग शॉवर. आणि जास्त ताकदीचा शॉवर आणायचा मोह झाला तर वायर पेलेल का ते आधी विचारा. एमसीबी मोठा टाकून काम भागवणं म्हणजे वायरीला जळायची मोकळीक देणं.

तोवर गरम पाणी शेगडीवर किंवा किटलीत करा. बादलीत आधी थंड, मग गरम ओता, मुलगा घरात आहे म्हणून सांगतेय. पाणी तापवायची रॉड बाहेर काढू नका. अर्थिंग तुटलेल्या, आरसीसीबी नसलेल्या घरात बादलीत रॉड सोडणं हा शॉवरपेक्षा बरा पर्याय नाही.

हेही घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. कुणाला शॉक लागून तो चिकटलाय असं दिसलं तर त्याला ओढायला धावू नका, बोर्डाकडे धावा आणि मेन पाडा. मग आपत्कालीन सेवेला फोन. शुद्ध नसेल आणि श्वास नीट नसेल तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबत राहा, मदत येईपर्यंत. आणि जोराचा झटका बसून कुणी उठून चालायला लागलं तरी डॉक्टरांना दाखवा. हृदयाची लय काही वेळा झटक्यानंतरही बिघडलेली असते, ती ईसीजीवर दिसते.

राहिले बाबा. "तुम्हाला कळत नाही" हे वाक्य घरात उच्चारू नका, आईंनाही पुढे करू नका. वर्कशॉपमधल्या माणसाला भीती पटत नाही, मोजमाप पटतं. त्यांना म्हणा, "बाबा, वायरमन येणार आहे, तो मेगर लावेल तेव्हा तुम्ही शेजारी उभे राहा, तो थातूरमातूर करून जाऊ नये." देखरेखीचं काम त्यांना शोभेलही आणि आवडेलही. वही-पेन त्यांच्याच हातात द्या आणि इन्सुलेशनचा, अर्थिंगचा, आरसीसीबीचा आकडा त्यांनाच लिहून घ्यायला सांगा. एलिमेंटच्या रकान्यात शून्याच्या आसपास काहीतरी आलं की तुम्हाला वेगळं बोलायची गरज उरणार नाही. आरसीसीबी कुणी काढला याची चर्चा त्या दिवशी नको, पुढेही नको.

आणि ते ऐकलेच नाहीत, चिकटपट्टी काढून एमसीबी चढवू लागले तर? मग मानपान बाजूला ठेवा. वायरमनला सांगून शॉवरची वायर बोर्डातूनच सोडवून घ्या, टोकं बंद करून घ्या. दोन दिवस रुसतील. रुसू द्या.